कॉलेजातले मार्गदर्शक आणि फाइन आर्ट फोटोग्राफीतलं आयुष्यभराचं काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात फोटोग्राफी शिकणारे, शिकून नुकतेच बाहेर पडलेले आणि त्यांचे पालक आमच्याकडे जे प्रश्न घेऊन येतात, त्यांची ही उत्तरं आहेत. लग्न, प्रॉडक्ट किंवा बातमीच्या फोटोग्राफीलाही यातलं काही लागू पडेल, पण इथे बोलायचं आहे ते भिंतीवर किंवा पुस्तकात स्वतःच्या नावावर उभ्या राहणाऱ्या कामाबद्दल.

सगळं तंत्र मोबाईलवर शिकता येतं. मग मार्गदर्शक कशाला हवा?

तंत्रापुरता खरंच फारसा नको. ॲपर्चर, फ्लॅश, रंगांची दुरुस्ती हे सगळं घरबसल्या जमतं. अडतं ते त्याच्या पुढे. तीनशे फोटोंतले कुठले पंधरा ठेवायचे, ते कोणत्या क्रमाने लावायचे, काम पूर्ण कधी झालं, हे ज्याचं त्याला दिसत नाही. फोटो काढतानाची धावपळ, ऊन, गप्पा सगळं आपल्या डोक्यात असतं. बघणाऱ्यापुढे मात्र नुसता कागद असतो. मार्गदर्शक त्या बघणाऱ्याच्या जागी बसतो, आणि शिवाय तुमचं मागचं दोन-तीन वर्षांचं काम त्याला ठाऊक असतं. कॅमेरे पुढच्या तीस वर्षांत कितीदा तरी बदलतील. निवडीची सवय एकदा लागली की तीच शेवटपर्यंत कामाला येते, आणि ती लावून घ्यायला कॉलेजइतकी चांगली जागा पुन्हा मिळत नाही.

एका शिक्षकामुळे खरंच कुणाची वाट ठरते का?

ठरते, आणि याची ठळक उदाहरणं आहेत. बर्न्ड बेखर १९७६ ते १९९६ या काळात जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत शिकवत होते. ते आणि त्यांची पत्नी हिला पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, खाणींवरचे मनोरे यांचे मोठ्या निगेटिव्हच्या कॅमेऱ्यावर, ढगाळ उजेडात, समोरासमोर कृष्णधवल फोटो काढत आणि एकाच जातीच्या वास्तूंचे फोटो जाळीसारखे रांगांत मांडत. त्यांच्या वर्गातून कांडिडा ह्योफर, थॉमस श्ट्रूथ, थॉमस रूफ आणि आंद्रेआस गुर्स्की बाहेर पडले. चौघांनीही शिस्त घेतली: एक विषय, ठरलेली पद्धत, वर्षानुवर्षं तेच काम. पण रंग, प्रचंड आकाराचे प्रिंट, माणसांचे चेहरे, संग्रहालयांची दालनं हे ज्याचं त्याने शोधलं.

अमेरिकेत हॅरी कॅलाहन आधी शिकागोच्या इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये आणि १९६१ पासून रोड आयलंडच्या डिझाइन कॉलेजात शिकवत. स्वतःची पत्नी एलिनॉर हा त्यांचा अनेक वर्षांचा विषय. त्यांचे विद्यार्थी एमेट गोविन यांनीही पत्नीचे आणि तिच्या कुटुंबाचे फोटो काढले, पण ते कॅलाहन यांच्यासारखे मुळीच दिसत नाहीत. गोविन पुढे १९७३ पासून प्रिन्स्टनला तीन दशकांहून अधिक काळ शिकवत राहिले. ही साखळी अशीच पुढे जाते.

आपल्याकडे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा कला विभाग बघा. नारायण श्रीधर बेंद्रे यांच्या हाताखाली चित्रकला शिकलेले ज्योती भट्ट तिथेच शिक्षक झाले आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून गुजरात व इतर राज्यांतल्या लोककलेची फोटोंतून नोंद घेत राहिले. त्यांना शिकवणारे चित्रकार होते, हे लक्षात ठेवा. मार्गदर्शक फोटोग्राफरच असला पाहिजे असं नाही.

पुण्यात असा मार्गदर्शक कुठे शोधायचा?

फोटोग्राफीचे पदवी अभ्यासक्रम भारती विद्यापीठात आणि सिम्बायोसिसमध्ये आहेत. अभिनव कला महाविद्यालयात चित्रकला आणि उपयोजित कला शिकवतात. लॉ कॉलेज रोडवरची एफटीआयआय मुख्यतः सिनेमाची. तिथला छायालेखनाचा अभ्यासक्रम वेगळ्या कामासाठी आहे, प्रवेश घेताना गोंधळ करू नका.

माहितीपत्रकातल्या कॅमेऱ्यांच्या यादीपेक्षा तीन गोष्टी विचारून घ्या. वर्गात कामाची चर्चा, म्हणजे क्रिट, किती दिवसांनी होते? दोन आठवड्यांतून एकदा तरी हवी. शेवटच्या वर्षी एका शिक्षकाकडे किती विद्यार्थी असतात? पंचवीसच्या वर असतील तर प्रत्येकाला वेळ मिळणं अवघड. आणि शिकवणाऱ्यांचं स्वतःचं काम गेल्या पाच वर्षांत कुठे लागलं किंवा छापलं गेलं? तिसऱ्याचं उत्तर नाही आलं तरी माणूस चांगला शिक्षक असू शकतो, पण मग बाकी दोन उत्तरं भक्कम हवीत.

चांगला मार्गदर्शक ओळखायचा कसा?

तो फोटोसमोर बराच वेळ गप्प बसतो. “छान आहे” किंवा “जमलं नाही” एवढ्यावर थांबत नाही. डावीकडची खिडकी नजर ओढते, हे दोन फोटो एकच गोष्ट सांगतात, असं बोट ठेवून बोलतो. मागच्या वेळी काय बोलणं झालं ते त्याच्या लक्षात असतं. तुमच्या कामाला उपयोगी पडेल असं दुसऱ्या कुणाचं काम दाखवतो, त्यात चित्रं, शिल्पं, कविताही येतात. सगळ्या विद्यार्थ्यांचे फोटो एकसारखे दिसत असतील, तर तिथे थोडं सावध राहा.

पहिल्या भेटीला काय घेऊन जावं?

प्रिंट. मोबाईलवरचे फोटो नकोत. स्क्रीन उजळ असते, बोटाने फोटो पटापट पुढे सरकतात आणि दोन फोटो शेजारी ठेवून बघता येत नाहीत.

एकाच विषयावरचे २० ते २५ फोटो साध्या लॅबमध्ये ४ बाय ६ इंचांत काढून घ्या. खर्च फार येत नाही. त्यातले तीन ८ बाय १२ इंचांत. शिवाय त्याच कामाच्या सगळ्या फ्रेम्स दाखवणारी कॉन्टॅक्ट शीट, एका ए४ पानावर २० ते ३० छोटी चित्रं. अनुभवी शिक्षक आधी कॉन्टॅक्ट शीटच मागतात, कारण एखाद्या जागी तुम्ही किती वेळ थांबलात, कधी जवळ गेलात, कधी घाबरून निघून आलात, हे तिथे उघडं पडतं.

सोबत एकच प्रश्न लिहून न्या. “सर, कसे वाटतात?” याला उत्तर नसतं. “माणसं नसलेले फोटो यात बसतात का?” याला असतं.

निवड करायची पद्धत काय? दरवेळी सगळेच फोटो चांगले वाटतात.

इथे घाई करू नका, निम्मं शिक्षण यातच आहे.

काढलेले फोटो निदान दोन आठवडे बाजूला ठेवा. मग कॉन्टॅक्ट शीटवर खुणा करत ३०० मधून ६० निवडा. या ६० चे छोटे प्रिंट जमिनीवर किंवा मोठ्या टेबलावर पसरा. बसून नाही, उभं राहून बघा. एकसारखं काम करणाऱ्या फोटोंचे गठ्ठे करा आणि प्रत्येक गठ्ठ्यातून एक किंवा दोनच ठेवा. बहुतेक वेळा ६० चे २५ इथेच होतात. मांडणीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, नाहीतर आठवड्याने काय लावलं होतं ते आठवत नाही. आता मार्गदर्शकाला बोलवा. त्यांनी बाद केलेला प्रत्येक फोटो उलटा करून मागे पेन्सिलीने कारण लिहा. सहा महिन्यांनी हे गठ्ठे वाचलेत तर तीच तीन-चार कारणं पुन्हा पुन्हा आलेली दिसतात. तुमचा अभ्यास तिथे आहे.

शेवटी १२ ते १५ उरले की क्रम लावा. सगळे जोरदार फोटो सुरुवातीला लावले की मधलं काम पडतं. शेजारी येणाऱ्या दोन फोटोंत काहीतरी जोडणारं हवं: एखादा आकार, नजरेची दिशा, उजेडाची जात.

बिघडतं कुठे? पहाटे चारला उठून काढलेला फोटो सोडवत नाही. इन्स्टाग्रामवर भरपूर लाइक्स मिळालेला फोटो बाद करवत नाही. आणि सगळ्यात जास्त वेळा, कमकुवत फोटो खालच्या ओळींच्या जोरावर उभा असतो. मजकूर झाकून बघा. फोटो पडला तर तो बाद करायचा.

सर म्हणतात वारी आणि विसर्जन नको. पुण्यात राहून ते का सोडायचं?

सोडा असं कुणीच जाणता शिक्षक म्हणणार नाही. अरुंद करा, असं त्यांना सुचवायचं असतं. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात आणि तुकोबांची नाना पेठेत निवडुंगा विठोबा मंदिरात उतरते. त्या मुक्कामात हजारो कॅमेरे शहरात फिरत असतात आणि बुक्का लावलेले सुरकुतलेले चेहरे, डोक्यावरची तुळस, प्लास्टिक पांघरलेली रांग हेच सगळीकडून येतं.

एक दिंडी धरा. ती दरवर्षी बहुधा ठरलेल्या शाळेत, कार्यालयात किंवा वाड्यात उतरते. तीन वर्षं तिथेच जा. स्वयंपाकाची भांडी, वाळत घातलेली धोतरं, पाय शेकत बसलेली माणसं, पालखी निघून गेल्यावरचा रिकामा हॉल. पहिल्या वर्षीचे प्रिंट दुसऱ्या वर्षी त्या माणसांच्या हातात द्या. त्यानंतर तुम्हाला जे दिसू देतात ते पहिल्या वर्षी कधीच दिसत नाही. असं काम एकट्याने रेटणं जड जातं. दुसऱ्या वर्षी कंटाळा आला की पाठीशी उभं राहायला मार्गदर्शक लागतो.

डिजिटलच्या काळात डार्करूम शिकावी का?

अंधाऱ्या खोलीत फिल्म धुणं आणि प्रिंट काढणं एक सत्र तरी जरूर शिका. ३६ फ्रेम्सचा रोल हातात असला की माणूस थांबून बघायला लागतो, आणि टेस्ट स्ट्रिप, म्हणजे कागदाच्या एका पट्टीवर कमी-जास्त उजेड देऊन चाचणी, करताना एका फोटोत काळा किती खोल हवा हे डोळ्याला कळतं. तो अंदाज पुढे डिजिटल प्रिंटलाही उपयोगी येतो.

पुण्यात मुख्य अडचण पाण्याची. एचपी५ प्लस ही कृष्णधवल फिल्म आयएसओ ४०० वर काढून डी-७६ या डेव्हलपरमध्ये १+१ प्रमाणात (तेवढंच पाणी घालून) धुवायची तर २० अंशांना ११ मिनिटं लागतात. एप्रिल-मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी ३० च्या वर असतं. त्या तापमानाला वेळ इतका कमी होतो की फिल्मवर पट्टे आणि डाग येतात. बादलीत पाणी घेऊन त्यात बर्फाच्या बंद पिशव्या सोडा आणि रसायनांच्या बाटल्या त्यात उभ्या करा. २० पर्यंत उतरत नसेल तर २४ वर थांबा आणि वेळ साधारण ८ मिनिटं धरा. डेव्हलपर, फिक्सर आणि धुण्याचं पाणी यांत दोन अंशांहून जास्त फरक नको.

फिक्सर, म्हणजे चित्र पक्कं करणारं रसायन, संपत आलाय का ते बघायला फिल्मचा उजेड लागलेला, न धुतलेला तुकडा त्यात टाका. ताज्या फिक्सरमध्ये तो जितक्या वेळात पारदर्शक व्हायचा त्याच्या दुप्पट वेळ लागला की फिक्सर टाकून द्या. बोअरचं पाणी असेल तर शेवटची बुडी डिस्टिल्ड वॉटरमध्ये, वेटिंग एजंटचे (पाणी थेंब न धरता निथळावं म्हणून घालायच्या द्रवाचे) दोन-चार थेंब टाकून, नाहीतर निगेटिव्हवर पांढरे ठिपके कायमचे बसतात.

प्रदर्शनासाठी प्रिंट करताना विद्यार्थी कुठे चुकतात?

सगळ्यात नेहमीची तक्रार म्हणजे प्रिंट काळपट आला. प्रिंटर दोषी नसतो; मॉनिटर फार उजळ असतो. त्याची चमक १०० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटरच्या आसपास आणा, खोलीतला उजेड स्थिर ठेवा आणि कागदाचं आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतात हे सांगणारी फाइल) लॅबकडून मागून सॉफ्ट प्रूफ, म्हणजे प्रिंट कसा दिसेल याचा अंदाज, स्क्रीनवर बघा.

दुसरी चूक मापाची. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा असतो. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर तो २० बाय १३.३ इंच भरतो, २५० धरले तर २४ बाय १६. त्यापुढे जाण्याआधी ८ बाय १० इंचांचा एक तुकडा खऱ्या मापात छापून बघा.

कागद ३०० ग्रॅमच्या आसपासचा, सुती, आम्लरहित. मॅट कागदावर काळा रंग चकचकीत कागदाइतका खोल उतरत नाही, म्हणून सावल्यांत तपशील असलेले फोटो आधी तपासून घ्या. फ्रेमची काच प्रिंटला टेकू देऊ नका. मध्ये माउंट बोर्ड हवाच, कारण पावसाळ्यात काचेला चिकटलेला प्रिंट सुटत नाही, फाटतो. फ्रेमच्या मागच्या चारही कोपऱ्यांवर फेल्टचे तुकडे लावले की ओल आलेल्या भिंतीपासून अंतर राहतं.

आवृत्ती, म्हणजे एका फोटोचे एकूण किती प्रिंट काढायचे, हे पहिल्याच दिवशी ठरवा, उदाहरणार्थ ५ प्रिंट आणि कलाकाराच्या २ प्रती, आणि नोंदवही ठेवा. नंतर आकडा वाढवणं म्हणजे आधीच्या खरेदीदाराला फसवणं.

माझे फोटो सरांसारखेच यायला लागले आहेत. हे वाईट आहे का?

दुसऱ्या वर्षी नाही. संगीतात शिष्य आधी घराण्याची गायकी गळ्यावर चढवतो, मग स्वतःचं गाणं शोधतो. इथेही तसंच चालतं. पदवीनंतर दोन वर्षांनीही तसंच दिसत असेल तर एक उपाय करून बघा: सरांची पद्धत ठेवा, विषय असा घ्या की ज्याची त्यांना काहीच माहिती नाही. तुमच्या गावची जत्रा, आईची शिवणकामाची खोली, एमआयडीसीतली रात्रपाळी. पद्धत तिथे आपोआप वाकते.

दोन शिक्षक उलटसुलट सांगतात. कुणाचं ऐकायचं?

दोघांचं लिहून घ्या आणि दोन वेगळ्या मांडण्या करून महिनाभर भिंतीवर ठेवा. निर्णय तुमचा.

सरांकडे सहायक म्हणून काम करावं का? त्या फोटोंवर हक्क कुणाचा?

करावं. दिवे कसे उचलायचे इथपासून गॅलरीशी पत्रव्यवहार कसा करायचा इथपर्यंत वर्गात न शिकवलेलं तिथे दिसतं. पण आधी ईमेलवर चार गोष्टी ठरवा: किती महिने, आठवड्याला किती दिवस, मानधन आणि प्रवासखर्च, आणि तुम्ही काढलेल्या फोटोंचं काय.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो काढणारा हा त्याचा कर्ता असतो. पण नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या फोटोचा, किंवा पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम देणारा ठरतो. म्हणून “पोर्टफोलिओत वापरण्याची परवानगी” ही ओळ लेखी हवी.

नातं अवघड वळणावर गेलं तर?

रात्री उशिरा एकटीला किंवा एकट्याला घरी बोलावणं, मार्कांचा धाक दाखवून खासगी कामं करून घेणं, अंगचटीला येणं, नको असताना अंगप्रदर्शनाचे फोटो काढायला लावणं, याला मार्गदर्शन म्हणत नाहीत. मेसेज जपून ठेवा, तारखेसह लिहून ठेवा. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी २०१५ च्या यूजीसी नियमांनुसार प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत समिती असावी लागते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते, योग्य कारण असल्यास ती मुदत वाढवता येते. माणूस कितीही मोठा कलावंत असला तरी तक्रार करा.

शिफारसपत्र कसं मागायचं?

मुदतीच्या किमान महिनाभर आधी. सोबत एका पानावर संस्थेचं नाव, शेवटची तारीख, तुमचं १५० शब्दांचं निवेदन, दहा फोटो आणि त्यांनी तुमच्याबरोबर कोणतं काम केलं याची आठवण. ही माहिती नसेल तर पत्र “मेहनती व होतकरू विद्यार्थी” असं कोरडं होतं आणि निवड करणारे ते वाचून बाजूला ठेवतात.

पहिलं प्रदर्शन पुण्यात करायचं तर?

बालगंधर्व रंगमंदिरातलं कलादालन, घोले रोडवरचं राजा रवि वर्मा कलादालन, शनिवार पेठेतलं सुदर्शन कलादालन. जागेचं आरक्षण बरंच आधी करावं लागतं, म्हणून काम अर्धं झालं की चौकशी सुरू करा. मुंबईला जहांगीर कलादालनासाठी काही वर्षं थांबायची तयारी ठेवा.

आधी भिंत मोजा. ४० फुटांच्या भिंतीवर २४ इंच रुंदीच्या फ्रेम्स, मध्ये एक-एक फूट सोडून, १३ बसतात आणि दोन्ही टोकांना एक फूट उरतो. त्याहून जास्त लावायचा मोह आवरा. फोटोचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ इंचांवर ठेवा. लावण्याच्या दिवशी मार्गदर्शकांना उद्घाटनाच्या आधी, सकाळीच बोलवा. दिवे आणि क्रम बदलायला तेव्हाच वेळ असतो.

यावर पोट भरतं का? आई-बाबा विचारतात.

सुरुवातीची काही वर्षं फक्त प्रिंट विकून भरत नाही, हे पालकांना स्पष्ट सांगावं. पुण्यातले बरेच जण लग्नसराईत, वास्तू किंवा प्रॉडक्ट फोटोग्राफीत, शिकवण्यात कमावतात आणि वर्षातले ठरलेले महिने स्वतःच्या कामाला ठेवतात. मार्गदर्शकाला हा प्रश्न उघड विचारा: तुम्ही पस्तिशीपर्यंत घर कसं चालवलंत? प्रामाणिक उत्तर देणारा शिक्षक तुमची कितीतरी वर्षं वाचवतो.

कॉलेज संपल्यावर संपर्क कसा ठेवायचा?

वर्षातून दोनदा, १५ नवे प्रिंट आणि एक प्रश्न घेऊन. गुरुपौर्णिमेचा मेसेज जरूर पाठवा, पण त्याने काम पुढे जात नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून तुम्हीही त्यांचं नवं काम बघायला मागा आणि मत द्या. बहुतेक शिक्षकांना ते हवं असतं, कुणी देत नाही. सोबत वर्गातल्या चार-पाच जणांचा गट धरून ठेवा, महिन्यातून एक संध्याकाळ एकमेकांचे प्रिंट बघायला.

सर निवृत्त झाले आहेत, त्यांच्या निगेटिव्ह कपाटात पडून आहेत. आम्ही काय करू शकतो?

पावसाळ्याच्या आधी सुरुवात करा. जुन्या पीव्हीसी पाकिटांतून निगेटिव्ह काढून पॉलिप्रॉपिलीनच्या किंवा आम्लरहित कागदाच्या पाकिटांत घाला, कडेला धरून, सुती हातमोजे घालून. व्हिनेगरसारखा वास येणारी फिल्म खराब व्हायला लागलेली असते. ती वेगळ्या खोक्यात ठेवा आणि तिचं स्कॅनिंग सगळ्यात आधी करा. खोकी जमिनीपासून वर, बाहेरच्या भिंतीपासून दूर, आर्द्रता ५० टक्क्यांच्या आत. सिलिका जेल रंग बदलला की गरम करून पुन्हा वापरता येतं. फाइलच्या नावात वर्ष, रोलचा आणि फ्रेमचा क्रमांक टाका आणि प्रती तीन ठेवा, त्यातली एक दुसऱ्या पत्त्यावर. सर शेजारी बसलेले असतानाच फोटोंतल्या माणसांची नावं आणि ठिकाणं रेकॉर्ड करून घ्या. कुठे काही प्रसिद्ध करायचं असेल तर त्यांची, आणि त्यांच्या पश्चात वारसांची, लेखी परवानगी लागते. हयातीत प्रसिद्ध झालेल्या फोटोचा कॉपीराइट, २०१२ च्या दुरुस्तीनंतर, फोटोग्राफरच्या मृत्यूच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं चालतो.